धुऱ्यावरची चौथी

गुरुजी, चौथीच्या वर्षात तुम्ही आम्हाला कोणता विषय कोणत्या महिन्यात शिकवलात, असं कोणी विचारलं तर काय सांगावं? मला ते सांगता येत नाही. मागच्या आठवड्यात एक छापील तक्ता चार दिवस माझ्यापुढे पडून होता. डाव्या बाजूला दिवाळीनंतरचे महिने, वरच्या ओळीत विषय: भाषा, गणित, भूगोल, इतिहास, सामान्य विज्ञान, हस्तव्यवसाय. प्रत्येक चौकोनात काय शिकवणार ते लिहून तक्ता तालुक्याला पाठवायचा असतो. मी आता मंगरूळपीरच्या अलीकडे एका गावात चौथीपर्यंतच्या शाळेवर आहे. एक खोली आणि एक शिक्षक, म्हणजे मीच. चौकोन भरण्याआधी मदत होईल म्हणून एका कोऱ्या कागदावर आपलं ते वर्ष मांडायला घेतलं आणि सुरुवातीलाच अडले. तुम्ही माळावर तांब्या उपडा केलात, तो दिवस कोणत्या चौकोनात घालायचा?

मी तेव्हा दहा वर्षांची होते. आपलं गाव मालेगावहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यापासून दोन कोस आत. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळामागची खोली, तिच्यात चार वर्ग, आणि तुम्ही एकटे. श्रावणात एके दिवशी उघडीप पडली तेव्हा तुम्ही तिसरी-चौथीला वरच्या माळावर नेलंत. माथ्यावर एक उघडा खडक आहे, त्यावर उभे राहून तुम्ही भरलेला तांब्या सावकाश ओतलात. थोडं पाणी एका अंगानं उतरलं, थोडं दुसऱ्या. "हे चाललं काटेपूर्णेत," तुम्ही म्हणालात, "मंग पूर्णेत, मंग तापीत, अन् पश्चिमेच्या समुद्रात. अन् हे चाललं पैनगंगेत, मंग गोदावरीत, अन् पूर्वेच्या समुद्रात. दोन्ही एकाच तांब्यातलं." आम्ही तोंड उघडं टाकून पाहतोय. कोतवालाच्या मुलानं विचारलं, "गुरुजी, अन् आमची म्हैस इथं मुतली तं?" तुम्ही जराही न रागावता म्हणालात, "तिले विचार, शेपटी कोन्या अंगाले होती." सगळा वर्ग हसत हसत माळ उतरला. संध्याकाळी मी बाबांना हे सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. त्या माळाच्या कडेचं वावर ते लहानपणापासून वाहत होते, पण आपण दोन समुद्रांच्या मध्ये नांगर धरतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

भाद्रपद सरताना कपाशी फुलावर आली. तुम्ही प्रत्येकाला एक एक फूल दिलंत, म्हणजे तोडून नव्हे, झाडावरच. त्याच्या देठाला आपापल्या रंगाचा दोरा बांधायचा आणि रोज पाटीवर एक रेघ ओढायची. माझ्या दोऱ्याचं पिवळं फूल दुसऱ्या दिवशी लालसर होऊन मिटलं तेव्हा ते मेलं म्हणून मी रडले होते. तुम्ही म्हणालात, थांब, रेघा ओढत राहा. बोंड धरलं, फुगलं, आणि पाटी दुसऱ्या बाजूनं भरत आली तेव्हा कुठे ते फुटलं. ते गणित होतं की विज्ञान? त्याच सुमारास शाळेच्या दारात एक म्हातारी आली. तिचा मुलगा अकोल्याला गिरणीत होता आणि वर्षभर फिरकला नव्हता. तुम्ही तिला बसवलंत आणि चौथीला सांगितलंत, आजीचं पत्र लिहा. ती सांगत होती, "मले दिसत नाही आता, पन थे लिहू नको, घाबरन थो. म्हैस जनली असं लिही. म्हशीसाठी येईन थो." मी विचारलं, "गुरुजी, मले लिहू का मला?" तुम्ही विचारलंत, पत्र कोणाचं? आजीचं. मग आजीचंच राहू दे. तो दिवाळीला आला आणि म्हैस पाहायला थेट गोठ्यात गेला. म्हैस व्यालीच नव्हती. गावभर हसू झालं, पण तो आठ दिवस राहिला. आपण खोटं लिहिलं का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. "आपन नुसते हात होतो," तुम्ही म्हणालात, "तोंड तिचं होतं." मला ते तेव्हा पुरतं पटलं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि खोली निम्म्याहून रिकामी झाली. कापूस फुटला होता. मीही वेचणीला जाऊ लागले, कारण घरात माणसं कमी आणि हात हवे होते. चौथीच्या परीक्षेला बसायचं तर वर्षात ठरलेले दिवस हजेरी लागायची, आणि ती परीक्षा सुटली की मुलीची शाळा सुटली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका संध्याकाळी तुम्ही आमच्या ओसरीवर आलात. बाबा फाटकी पोती शिवत बसलेले. "मास्तर, पोरगी चौथीत गेली हेच लय झालं," ते म्हणाले, "कापूस काय तुमच्या सुट्टीची वाट पाह्यते?"

"नाही पाह्यत. म्हून मीच येतो वावरात."

"अन् हात थांबले तं?"

"हात थांबले तं मले हाकलून द्या."

बाबा सुई ओढत राहिले. नाही म्हणाले नाहीत, आणि आमच्याकडे ते होच असतं.

नाल्याकाठची वावरं एकमेकांना लागून. सकाळी खोलीतल्या मुलांना शिकवून दुपारी तुम्ही बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं यायचात, काखेत हजेरीचं पुस्तक, खिशात खडू. भाकरीच्या वेळात बाभळीखाली बसून वाचन, आणि पुन्हा वेचणी लागली की पाढे. तुमची रीत अशी की एका झाडापाशी पाढ्याची एक पायरी. एकोणतीस एके म्हणत एक झाड वेचायचं, एकोणतीस दुणे म्हणत पुढचं. चुकलं की मागच्या झाडापाशी परत. तिथे सुटलेलं बोंड हमखास सापडायचं, म्हणून ही रीत बाबांना माझ्यापेक्षा जास्त आवडली; पाठीमागून कोणी चुकलं की तेच आधी ओरडायचे, "चाल मागं!" कपाशीच्या किती तासांआड, म्हणजे ओळींआड, तुरीचं तास आहे, अख्ख्या वावरात तुरीची तासं किती, एका तासात झाडं किती, सगळी तोंडी उदाहरणं पायाखालीच होती. माझी माय तुम्हाला पहिले दोन दिवस पाहत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मास्तर, नुसते मागं मागं काय फिरून राह्यले, एक पाथ तुमीबी धरा." तुम्ही उपरण्याची ओटी बांधलीत. संध्याकाळी तिनं ती सगळ्या बायांसमोर उलटी केली. "हा कापूस हाये का पाला? मास्तरले पहिलीत बसवा गं." बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही खरोखर तिच्या बाजूची पाथ धरलीत आणि वाळलेला पाला मागे राहील असं बोंड तीन बोटांत कसं धरायचं ते शिकून घेतलंत. आम्हाला म्हणालात, पाहा रे, मी पहिलीत हाओ. मायही मग आमच्यामागे पुटपुटू लागली. संक्रांतीपर्यंत तिला बारापर्यंत पाढे येत होते. अजून येतात. आज ती भाजी निवडतानासुद्धा म्हणते.

त्याच हिवाळ्यात देशात पहिल्यांदा सगळ्यांनी मत दिलं. आपली खोली मतदानाला दिली होती, म्हणून दोन दिवस शाळा नाही. नंतर तुम्ही वर्गनायक मतानं निवडायचं ठरवलंत. दोन मडकी, एक माझं आणि एक कोतवालाच्या मुलाचं, आणि प्रत्येकानं एक सरकी टाकायची. पाढे मला जास्त येत होते, अक्षर माझं चांगलं होतं, त्यामुळे माझी खात्री होती. माझ्या मडक्यात सहा सरक्या निघाल्या. हरणाऱ्यानं आधी जिंकणाऱ्याला राम राम घालायचा, असं तुम्ही सांगितलंत. मी घातला. मनातून घातला नाही.

संक्रांत झाल्यावर आठवड्यानं शाळा तपासणारे डिप्टीसाहेब आले. आगाऊ वर्दी नव्हती. एकदम देवळापुढे त्यांची बैलांची दमणी उभी राहिली. माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला होता म्हणून मी त्या दिवशी खोलीत होते. साहेबांनी पहिलीचं वाचन घेतलं, तिसरीला हिशेब घातला, मग माझ्याकडे वळून विचारलं, तुमच्या गावातलं पाणी कुठे जातं? मी दोन्ही समुद्र सांगितले, सगळ्या नद्यांसकट. ते खुर्चीत पुढे सरकले. "शाबास. हे कुठे शिकलीस?" मी म्हणाले, माळावर. आणि लगेच पुढे म्हणाले, "अन् बाकीचं वावरात, साहेब. आमी दिवाळीपासून वावरातच शिकून राह्यलो. बाकीचे आताबी तिकडंच हायेत."

हजेरीचं पुस्तक त्यांच्यासमोर उघडं होतं. त्यांनी बोटानं आमची डोकी मोजली. "मास्तर, खोलीत अकरा. पुस्तकात बत्तीस हजर." तुम्ही म्हणालात, "होय साहेब. एकवीस नाल्याकाठी हायेत. चाला, दाखवतो." आणि ते खरंच गेले, धोतर सावरत, ढेकळांतून. मीही लंगडत मागे गेले. धुऱ्यावर उभं राहून त्यांनी पाढे ऐकले, दोघातिघांना उदाहरणं घातली, एकाला वाचायला लावलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ते वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मुलं तयार आहेत, यात शंका नाही. पण हजेरी म्हणजे शाळेत समोर बसलेलं मूल. उद्या दुसरा एखादा मास्तर घरी झोपून हेच लिहील. त्याला मी काय सांगू?" तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "पोरीवर रागावू नका साहेब. खरं बोलाले आमीच शिकवलं. खरं बोलली थे."

खोलीत परत आल्यावर लाल शाईनं दोन महिन्यांचे हजर गैरहजर झाले. चौथीतले आम्ही चौघं परीक्षेच्या दिवसांना कमी पडलो, आणि त्यात मुलगी मी एकटी. मायनं त्या रात्री चूल पेटवताना एवढंच म्हटलं, "बरं बोलली वो बाई." तुम्ही मात्र साहेब दमणीत चढत असतानाच विचारून घेतलं होतं, की सुट्टीच्या दिवशी शाळा भरवली तर ती धरतील का. मनाई नाही, ते म्हणाले, पण मुलं समोर बसलेली पाहिजेत.

तेव्हापासून परीक्षेपर्यंत आपल्या शाळेला सुट्टी नव्हती. प्रत्येक रविवार, महाशिवरात्र, होळी. वेचणी सरली होती, आता पुस्तकातला इतिहास आणि नकाशे पुरे करायचे होते, आणि तुम्ही ते असे शिकवलेत की रविवार आहे हे आम्ही विसरायचो. एका रविवारी तुमच्या घरच्या मास्तरीणबाई कडेवर लेकरू घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. "या पोरांचे दिवस भरले की आमच्या घरचाबी एक दिवस भरा." तुम्ही फळ्याकडे तोंड करूनच म्हणालात, "एप्रिलात." त्या म्हणाल्या, "कोनत्या सालच्या?" आम्ही हसलो, तुम्हीही हसलात, पण आज वाटतं, त्या हसत नव्हत्या. धुळवडीला बाबांनी मला स्वतः आणून दारात उभं केलं. माझं तोंड रंगानं माखलेलं, त्यांचंही. "घ्या मास्तर," ते म्हणाले, "मोजून घ्या." मुलगी चौथीत गेली हेच फार झालं असं म्हणणारे तेच ते बाबा.

आम्ही चौघंही परीक्षेला बसलो आणि चौघंही पास झालो. उन्हाळ्यात तुमची बदली मंगरूळपीरच्या पलीकडे झाली. ती लाल शाईमुळे झाली की तशीही व्हायची होती, ते मला कधी कळलं नाही. तुमची पेटी आणि भांडी बाबांच्या गाडीत गेली; गाडी त्यांनी स्वतः हाकली. दुसऱ्या दिवशी परत आले आणि बैलांना पाणी दाखवता दाखवता मायला म्हणाले, "मास्तर म्हने, पोरीले मालेगावले धाडा, पाचवीले. धाडतो." पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात तुम्ही तापानं गेलात. मला ते दोन महिन्यांनी, मालेगावच्या बाजारात, तुमच्या नव्या गावाच्या एका माणसाकडून कळलं. मी तेव्हा सहावीत होते. तुम्हाला भेटून एक गोष्ट सांगायची असं मी त्या दिवाळीसाठी ठरवून ठेवलं होतं.

ती आता लिहिते, कारण हे पत्र जाणार कुठेच नाही. साहेबांनी विचारलं होतं, हे कुठे शिकलीस. त्याचं उत्तर, माळावर. तिथे माझं उत्तर संपलं होतं. पुढचं कोणी विचारलं नव्हतं. ते मी खरेपणापायी बोलले नाही. एक शाबास मिळाली होती, मला आणखी एक हवी होती, मडक्यातल्या सहा सरक्या मनात होत्या, आणि वावरातली शाळा म्हणजे काहीतरी नवलाची गोष्ट, ती सांगणारी मी, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही सगळ्यांसमोर मला खरं बोलणारी म्हटलंत. मी डोक्यावरचा तुमचा हात तसाच राहू दिला. पुढे त्याच नावावर जगले. मालेगावात, मग अकोल्याच्या कॉलेजात, प्रत्येक ठिकाणी मी खरं बोलणारी मुलगी होते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. बी.ए. झाल्यावर एवढं शिकून ढोरांवानी पोट्टे काहून वळून राह्यली, हायस्कुलात जा, असं भावकीतल्या सगळ्यांनी सुनावलं. मला तुमच्यासारखी शाळा हवी होती.

आणि तरी, गुरुजी, दोन हिवाळे मी तुमच्यासारखी वागले नाही. इथेही दिवाळीनंतर निम्मी मुलं वेचणीला जातात. मी दुपारी वावरात जाते, शिकवते, आणि परत येऊन त्यांच्या नावांपुढे गैरहजर लिहिते. माझं हजेरीचं पुस्तक तालुक्यात सगळ्यांत स्वच्छ आहे, असं मागच्या तपासणीत म्हणाले. त्याच स्वच्छ पुस्तकामुळे गेल्या वर्षी चौथीतल्या दोन मुली परीक्षेला बसू शकल्या नाहीत. दोघींना एकोणतीसचा पाढा न अडखळता येत होता. रविवारी शाळा भरवायची मला तेव्हा आठवण झाली नाही असं नाही; आठवड्यातून एकदा मिळणारी ती सुट्टी मला मायकडे जायला हवी होती. त्यातल्या एकीचं या उन्हाळ्यात लग्न झालं. वेशीत भेटली तेव्हा ती मला ओळख देऊन हसली, आणि मी दुसरीकडे पाहिलं.

घरी झोपून हजेरी भरणाऱ्या मास्तरला काय सांगायचं, ते मलाही ठाऊक नाही. तेवढं त्या साहेबांचं बरोबर होतं. म्हणून मी फक्त माझ्यापुरतं केलं आहे. तक्त्यातल्या वेचणीच्या आठवड्यांत, सगळ्या विषयांच्या चौकोनांत, मी एकच ओळ लिहिली: दुपारी दोन ते चार, वावरात. खाली कोणत्या वारी कोणाच्या वावरात, ते नावांनिशी दिलं, आणि लिहिलं की हजेरी तिथेच धुऱ्यावर घेतली जाईल, ती हजर म्हणूनच लागेल, वर्दी न देता कधीही येऊन मोजावी. परवानगी मागितली नाही. सही करून तक्ता सोमवारी टपालात टाकला. काल दुपारी नाल्यापलीकडच्या वावरात चौदा मुलं होती. मी चौदा नावं घेतली, चौदांनी वेचता वेचता ओ दिली, आणि मी धुऱ्यावर बसून चौदांपुढे हजर लिहिलं, शाईनं, शेजारी वावराचं नाव घालून.